आधी रिपोर्ट, मग वडे

माझ्या मामीच्या तोंडून 'ते सगळं' ऐकल्याशिवाय बोहल्यावर चढलेली मुलगी अख्ख्या मुलुंडात सापडायची नाही. मामी पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, शेवटची बरीच वर्षं एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात. निवृत्त झाली ती फक्त पगारापुरती. लोक भाजीवालीला मिरच्यांचा भाव विचारतात, मामी आधी विचारायची, "गर्भाशयाच्या तोंडाशी जखम असली तरी दुखत नाही, ठाऊक आहे ना गो? आणि तिथून आजार सहज आत शिरतो." मामा बिचारा पिशवी धरून आभाळाकडे बघत उभा असायचा.

शिकवायला तिला फळा लागत नसे, स्वयंपाकघर पुरे. हळदीकुंकवाला बायका जमल्या की ती परात आणि वाटी घेऊन बसायची. "पुरुषाची ही वाटी, बाईची ही परात. पाणी कुठे जास्त पसरेल, जास्त वेळ राहील? म्हणून त्याच्याकडून तिला लागण होणं सोपं, तिच्याकडून त्याला त्यामानाने कमी." मग दह्याचं भांडं यायचं. "देवाने आत विरजण लावून ठेवलंय. त्या आंबटपणात रोगजंतू सहसा टिकत नाहीत. आणि तुम्ही बाया साबणाने आतून धुऊन त्याची पार वाट लावता!" एका संक्रांतीला तर तिच्याकडच्या कढीला कोणी हात लावला नाही. वाण म्हणून तिने कंडोमची पाकिटं वाटली, ती शेजारच्या आजींनी भक्तिभावाने देवघरात तिळगुळाच्या डब्याशेजारी ठेवली.

माझ्या केळवणाला मात्र मला हसू आलं नाही. माझा होणारा नवरा आणि त्याची आई कुर्ल्याहून आले होते. ताटाभोवती रांगोळी, कोंबडीच्या रश्शाचा वास घरभर, आणि मामी गरम वड्यांची चाळण घेऊन उभी. वाढेचना! आपल्या मालवणी ठसक्यात म्हणाली, "दोघांचे रिपोर्ट खंय आसत?"

"कसले रिपोर्ट?" सासूबाईंनी विचारलं.

"एचआयव्हीचे. आधी रिपोर्ट, मग वडे."

सासूबाई ताडकन उठल्या. "माझ्या पोरावर संशय? असल्या घरात सोयरीक नको आम्हाला. चल रे!"

पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी मामीवर ओरडले, "माझं लग्न मोडायलाच बसलीयस का तू?"

मामी ढिम्म. "संशय नाही हो विहीणबाई. कोवळ्या वयात बाईचं आतलं अस्तर नाजूक असतं, पाळी गेली की पुन्हा पातळ होतं, म्हणून बाईला लागण पटकन होते. आणि आजार काय नवऱ्याच्या कपाळावर लिहिलेला असतो? माझ्या केंद्रात रडत बसलेल्या कितीतरी बायकांनी जन्मात एकच पुरुष पाहिला होता. आपला नवरा."

सासूबाईंचा एक पाय चपलेत होता. त्या तशाच थांबल्या.

"आई, करतो ना यार टेस्ट उद्या," नवरा म्हणाला, "भूक लागलीय."

मामीने वडे वाढले, पण दोनच. बाकीचे रिपोर्टानंतर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मामीबरोबर तिच्या जुन्या केंद्रात तपासणीला गेलो, तर मागून सासूबाई. "माझीपण करा," त्या मामीला हळूच म्हणाल्या. "आमचे हे ट्रकवर होते. झिजून झिजून गेले, कशाने ते कोणी धड सांगितलं नाही. बारा वर्षं मनात आहे. विचारायचं कोणाला?"

तिघांचेही रिपोर्ट चांगले आले. सासूबाई मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. मामी त्यांची पाठ थोपटत राहिली.

मामीला जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा आमच्याकडे नणंदेच्या मुलीचं केळवण होतं. होणारा जावईही आला होता. मी वड्यांची चाळण घेऊन उभी राहिले. मेलं, बोलवेचना! तेवढ्यात सासूबाईंनी चाळण माझ्या हातातून काढून घेतली. बाई घाटावरच्या, मालवणीचा गंध नाही, पण थेट मामीच्या ठसक्यात म्हणाल्या, "रिपोर्ट खंय आसत?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडले.