दगडापुढची तंबाखू

देवगडहून कुणी सुट्टी संपवून बहरीनला परत आलं, तरच मला खायची तंबाखू मिळायची. मी ती जिवापाड जपायचो, आणि हा बाबा रोज माझ्याकडून चिमूटभर मागून घेऊन दगडापुढे ठेवायचा.

तो कॅनडाचा शिल्पकार, तिथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांपैकी. आधी पुलांवर वेल्डर होता, मग दगडाकडे वळला. ऐंशी साली इथल्या हूरा भागातल्या एका हॉटेलासाठी दगड आणि लोखंडाचा पक्षी करायला तो बहरीनला आमच्या वर्कशॉपमध्ये आला. तंबाखू ठेवल्याशिवाय छिन्नी उचलायचा नाही. "कधी होणार?" असं विचारलं की दगडाकडे बघत बसायचा, आणि माझा चहा संपल्यावर म्हणायचा, "आज नाही." मी चार दिवस खपून वेल्डिंग केलेला एक पंख त्याने एका सकाळी कापून टाकला. "दगडाला जड होत होता," एवढंच बोलला. मी कपाळावर हात मारला.

जायच्या दिवशी त्याने तंबाखूचं नवंकोरं पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. उशिरा का होईना, परत तरी केली, म्हणून मी ते लगेच खिशात घातलं.

"इथल्या खाऱ्या हवेने लोखंड गंजेल," तो म्हणाला. "तू पुसत जा."

"मी कशाला?"

"तंबाखू घेतलीस ना? आमच्यात ती घेतली म्हणजे हो म्हटलं."

पाकीट महिन्याभरात संपलं. चार वर्षं झाली, दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी हॉटेलात जाऊन त्या पक्ष्याचा उरलेला एकच पंख पुसतोय.