बाबालाल पखाली आणि समुद्रातील शांत पाणी

शाहू महाराजांच्या राज्यात पंचगंगेच्या घाटावर बाबालाल पखाली यांना न ओळखणारा मनुष्य विरळा. कातडी पखालीतून घरोघर पाणी घालणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. परंतु पाठीला वाळलेले भोपळे बांधून मुलांना पोहावयास शिकविणे हे काम ते केवळ हौसेने करीत. त्यांचे सांगणे थोडके असे. "फेस दिसंल तितं उतरायचं न्हाय. आणि धारंला छाती द्यायची न्हाय, आडवं निघायचं." मीही त्यांच्यापाशीच पोहावयास शिकलो.

एके वर्षी गुळाच्या गाड्या घेऊन मी, बाबालाल आणि त्यांची बहीण लालबी हिचे यजमान करीम असे तिघे मालवणास निघालो. लालबीने भावाला बजावले, "भाई, ह्यांस्नी खोल पाण्यात न्हेऊ नगा."

"अगं, माझ्या हाताखाली शिकल्याला गडी हाय त्यो. आन् समुद्र म्हंजी काय, मोठा रंकाळाच की!"

गूळ उतरवून झाल्यावर आम्ही मौजेखातर होडीने समोरच्या एका लहान बेटावर गेलो. तेथील किनाऱ्यावर दोन्ही अंगांना लाटा फुटून पांढरा फेस होत होता. मधला पट्टा तेवढा सपाट व शांत होता. बाबालाल म्हणाले, "ह्यो बघा आपला घाट."

होडीवाल्या नाखव्याने अडविले. "पावण्यांनु, थंय उतरू नकात. लाटो फुटतत थंयच न्हावा, कमरेइतक्या पाण्यात. त्या गुळगुळीत जाग्यार पाणी भायर जाता."

"फेसात बुडवायला आमी काय धुण्याची कापडं हाय व्हय, नाखवा?" बाबालाल म्हणाले. आम्ही सर्व हसलो.

करीम प्रथम उतरला. पाण्याने त्याला आवाज न करता बाहेर ओढून नेले. हे ध्यानात येताच तो शिकविल्याप्रमाणे वळला व किनाऱ्याला समांतर, आडवा पोहू लागला. परंतु तो जमिनीकडे येत नाही, एवढेच बाबालाल यांना दिसले व त्यांचा धीर सुटला.

"आडवा कुटं निगालास, करीम? सरळ ये! सरळ!"

करीमने आपल्या वस्तादाचे ऐकले. त्याने किनाऱ्याकडे तोंड केले व धारेला छाती दिली. तो पुष्कळ वेळ हात मारीत राहिला, परंतु जागचा पुढे सरकला नाही. नाखव्याने होडी लोटली. ती पोहोचेपर्यंत पाण्यावर कोणीही नव्हते. बाबालाल यांनीही उडी घेतली होती. त्यांना मात्र होडीत ओढून घेता आले. सायंकाळी करीमचे प्रेत लाटांनीच किनाऱ्यास आणून दिले.

नाखवा हळू म्हणाला, "तो तसोच आडवो गेलो असतो तर वाचलो असतो."

घरी लालबीने भावाला एकच प्रश्न विचारला. "तुमी शिकिवल्यालं ह्ये इसरलं व्हय?"

बाबालाल म्हणाले, "न्हाय, लालबी. त्येच्या समदं ध्यानात हुतं. मी इसरलो."

पुढे त्यांनी आपले भोपळे माझ्या घरी आणून ठेवले व पुन्हा कधी मागितले नाहीत. पखाल भरावयास ते नेमाने घाटावर येत. एखादे मूल धारेतून आडवे निघालेले दिसले, की हातातील काम टाकून ते उभे राहत आणि मूल काठाला लागेपर्यंत बघत राहत. हाक मात्र ते कधीच देत नसत.