पानांवरून निवडलेली बाग

"गुलाब नको," वाघमारे बाई म्हणाल्या.

"का नको?" त्यांचे मिस्टर, प्रल्हादराव, खुर्चीतून उठलेच. "जन्मभर तुला गुलाब आवडला, अन् आता जागा झाली तर नको?"

मी त्यांच्या अंगणात टेप धरून उभी होते. परभणीत झरी रोडला माझी नर्सरी आहे. लोकांच्या घरच्या बागा करून देणं हे माझं काम. साइट व्हिजिटला नवरा-बायकोचं वाजणं मला नवीन नाही. एकाला लॉन हवं असतं, दुसऱ्याला पार्किंग. अशा वेळी मी गप्प बसते. शेवटी कोण जिंकतं ते बघायचं आणि त्याप्रमाणे लेआउट काढायचा.

बाई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. प्रल्हादराव एसटीत ड्रायव्हर होते. पिंगळीच्या रस्त्याला नवी वस्ती झाली आहे, तिथे त्यांनी घर बांधलं. समोर लांबट मोकळी जागा. फोनवर बाईंनी सांगितलं होतं, "मेंटेनन्स कमी पाहिजे. आणि एकदा लावलं की ते तिथंच राहिलं पाहिजे." म्हणजे त्यांना बहुवर्षायू झाडं हवी होती. झेंडू हंगामी असतो, हंगाम संपला की उपटून टाकावा लागतो. मोगरा, पारिजातक, कढीपत्ता एकदा रुजले की वर्षानुवर्षं राहतात. ती बहुवर्षायू.

गुलाबही तसा बहुवर्षायूच. पण आमच्या काळ्या जमिनीत त्याचे फार लाड करावे लागतात. छाटणी, फवारणी, खत. पाणी साचलं की मूळ कुजलंच. मी तसं सांगितलं.

"मॅडम, तुमी बी तिच्याच बाजूनं का?" प्रल्हादराव म्हणाले आणि पाय आपटत आत गेले.

बाई माझ्याकडे वळल्या आणि बाजूच्या बादलीला अडखळल्या. बादली भर उन्हात, कुणालाही सहज दिसावी अशी होती. मी त्यांना सावरलं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. वर्गात हजेरी घ्यावी तसा आवाज. "नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. औषधाचे थेंब चालू आहेत, त्यानं वेग कमी होतो. गेलेलं परत येत नाही."

प्रल्हादराव दारात येऊन उभे होते. "तिला दिसायलंय तवर फुलं बघू द्या की, मॅडम. लाल, पिवळी, समदी. नंतर काय बघणार हाय ती?"

"नंतर मला बागेत फिरायचंय," बाई म्हणाल्या. "एकटीनं. तुमचा हात न धरता. म्हणून काटे नकोत, आणि जागा बदलणारं काही नको. कुठं काय आहे ते मी आत्ताच पाठ करून ठेवणार आहे."

प्रल्हादरावांनी ती बादली उचलून भिंतीशी ठेवली. मीही टेप बॅगेत टाकला.

त्या आठवड्यात मी प्लॅन काढला. माझ्या मते तो झकास होता. सरळ पायवाट, दोन्ही बाजूंना वासाची झाडं. पायरीपाशी मोगरा, नळापाशी पारिजातक, भिंतीशी कामिनी, वर मधुमालतीचा वेल, कोपऱ्यात सोनचाफा. वासावरून जागा ओळखायची. मी उत्साहानं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोगरा कधी फुलतो?"

"उन्हाळ्यात."

"पारिजातक?"

"पावसाळा सरता सरता."

"मग थंडीत मी नळापाशी आहे की भिंतीशी, ते मला कोण सांगणार?"

इतकी वर्षं मी या धंद्यात, आणि झाड निवडताना मी फुलाचाच विचार करत होते. गिऱ्हाईकही फुलाचाच फोटो दाखवतं. वर्षातले बरेच महिने झाड नुसतं पानांवर उभं असतं, ही गोष्ट मला माहीत होती. तिचा उपयोग मात्र कधी केला नव्हता.

"बाई, तुम्ही नर्सरीत या," मी म्हणाले. "हात लावून निवडू."

दोघंही आले. बाई बाकावर बसल्या, डोळे मिटले. मी एकेक कुंडी पुढे सरकवत गेले. पारिजातकाचं पान बोटांत धरताच त्या म्हणाल्या, "पॉलिश पेपर!" खरंच, ते पान तसंच खरखरीत असतं. कामिनीची पानं बारीक, गुळगुळीत, तेल चोपडल्यासारखी. पानओवा जाड आणि मऊ लवेचा, चुरडला की भज्यांची आठवण यावी असा. कढीपत्त्याला तर विचारायचीच गरज नव्हती. गवती चहा वासाला पक्का, पण पातीची कड हात कापते, म्हणून तो वाटेपासून आत ढकलला. कण्हेर मी आधीच बाजूला काढून ठेवली होती. ती टिकाऊ असते, पण तिचा चीक विषारी. हातानं वाचायच्या बागेत ती चालणार नाही.

प्रल्हादराव लांब उभे होते. थोड्या वेळानं तेही बाकावर टेकले आणि डोळे मिटून एक पान चाचपडू लागले.

"हे काय हाय?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मोगरा."

"जास्वंद आहे," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मला तर समदी सारखीच लागायलीत!" ते म्हणाले, आणि बाई इतक्या हसल्या की कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

मग खरं काम सुरू झालं. आमची माती पावसात फुगते, पाणी धरून बसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नाजूक मुळं तुटतात. म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळून जमिनीपेक्षा उंच वाफे केले. वर गंगाखेडकडून आणलेल्या पाचटाचा थर दिला. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर उरणारा वाळला पाला. तो ओल उडू देत नाही आणि तणही वाढू देत नाही. ठिबकच्या नळ्या पायात येऊ नयेत म्हणून थराखाली दाबल्या. पायवाटेच्या कडेला विटा उभ्या लावल्या, पुढेमागे काठी आली तर तिला लागतील अशा.

प्रल्हादरावांना पिंपळ हवा होता. त्याची मुळं कंपाउंड फोडतील, असं मी सांगितलं. "तसा विहारात हाय म्हणा आपल्या," ते म्हणाले आणि सोडून दिलं. "पण एक तरी झाड माझ्या मनाचं पाहिजे. रंगाचं."

मी बोगनवेल सुचवली. ऊन जितकं जास्त तितकी ती खूश, आणि पाणी कमीच लागतं. काटे असतात, म्हणून गेटवर लोखंडी कमान करून ती डोक्याच्या वर चढवली. फक्त राणी रंग. बाईंनी हरकत घेतली नाही.

मागच्या उन्हाळ्यात दोघं पुण्याला लेकीकडे बरेच दिवस राहिले. शेजारी अधूनमधून ठिबकचा कॉक फिरवत होते, तेवढंच. ते परत आल्याचं कळल्यावर मी गेले. मनात धाकधूक होती. सोनचाफा मेला होता. तो माझा आग्रह होता, बाईंचा नव्हे. बाकी सगळं जगलं होतं. मधुमालतीनं तर शेजारच्यांची भिंतही धरली होती.

बाईंची नजर आणखी आक्रसली आहे. "पण रिक्षातून येताना गेट दिसतं मला," त्या म्हणाल्या. "राणी रंगाचा ढीगच्या ढीग."

"म्हणलं व्हतं का न्हाई, रंग पाहिजे म्हणून?" प्रल्हादरावांनी लगेच श्रेय घेतलं.

मग बाई उठल्या आणि पायरी उतरल्या. प्रल्हादराव सवयीनं अर्धे उठले, आणि परत बसले. बाई पानांवर हात फिरवत भिंतीपर्यंत गेल्या. कुठं थांबायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. कढीपत्त्याचा टहाळा घेऊन त्या तशाच परत आल्या. "पोहे करते," म्हणाल्या. मी बसले.

आता नर्सरीत कुणी फुलाचा फोटो घेऊन आलं, तर मी आधी त्या झाडाचं पान त्यांच्या हातात देते. काहींना ते विचित्र वाटतं, काही फोटोसकट दुसऱ्या नर्सरीत जातात. जाऊ द्या. फूल आठवडाभराचं. घरात आपल्याबरोबर राहतं ते पान, आणि ते आवडत नसेल तर झाड घेऊ नये.