पडद्याचा पन्हा

तात्या टीव्हीसमोर कधीच बसले नाहीत. आमच्या लालबागच्या दुकानात टीव्ही लागला की बाकीची मंडळी समोर फतकल मारायची आणि तात्या स्टूल ओढून टीव्हीच्या उजव्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसायचे. मान वाकडी करून काचेच्या काठाकडे बघत राहायचे. दाराआडून कुणीतरी यायचं बाकी आहे, असे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, गिरणीच्या संपाने आणखी एकाचं डोकं फिरवलं. तेव्हा आमच्या चाळीत फिरलेल्या डोक्यांची काही कमी नव्हती.

गिरणीचा भोंगा बंद झाला आणि तो पुन्हा वाजेल ही आशाही हळूहळू आटली, तेव्हा नवऱ्याच्या चुलतभावाने दुबईहून आणलेल्या व्हिडिओवर आम्ही तळमजल्याच्या खोलीत कॅसेटची लायब्ररी काढली. नवरा माझा मुखदुर्बळ, त्यामुळे गिऱ्हाईक माझ्या वाट्याला. मी फटकळ. कॅसेट पुन्हा सुरुवातीपर्यंत न गुंडाळता परत आणणाऱ्याला मी दारातच असा काही झाडायची की पुढच्या वेळी तो बायकोला पाठवायचा. तात्यांना मात्र माझ्या तोंडाचं भय नव्हतं. ते वरच्या मजल्यावर राहायचे, मूळचे मालवणकडचे, गिरणीत कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवलेले. संपानंतर कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर रखवालदार झाले. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण दुकानात टीव्ही लागला की अजून मी त्या उजव्या कडेला कुणाची खुर्ची ठेवू देत नाही. नवरा हसतो. हसू दे.

एकदा भर सिनेमात, हाणामारी रंगात आलेली असताना, तात्या म्हणाले, "नंदा गो, हेचो पन्हो कमी आसा."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. जन्मभर कापड विणलेला माणूस, त्याला दुसरा शब्द कुठून सुचणार? मी म्हटलं, तात्या, ही कॅसेट आहे, मांजरपाट नव्हे. पण त्यांनी शांतपणे समजावलं. थेटरातला पडदा लांबलचक असतो आणि टीव्ही चौकोनी. तो लांब पडदा या डब्यात मावत नाही, म्हणून कॅसेटवाले मधलं तेवढं ठेवतात आणि दोन्ही काठ कापून टाकतात. मी मान उडवली, पण नंतर बघते तो काय, बाईशी बोलणाऱ्या नायकाचं नुसतं नाक उरलेलं. बाकीचा नायक काठाबरोबर गेला होता. एकदा दिसल्यावर मग ते दिसायचं थांबेचना, आणि माझ्या धंद्याची सगळी मजाच त्या मेल्या पन्ह्याने घालवली.

त्या काठापायी ते एवढे का अडून बसलेत, ते चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांची बायको, इंदू. हसरी, ठेंगणी, पाणी भरतानाही गुणगुणणारी बाई. संपाच्या दिवसांत एक मोठी सिनेमा कंपनी कॉटन ग्रीनच्या मोकळ्या मैदानात जत्रेचा देखावा उभारून बसली होती. त्यांना गर्दी हवी होती. आमच्या गिरणगावात रिकामी माणसं हवी तेवढी. दिवसाची मजुरी आणि दुपारचं जेवण, म्हणून चाळीतल्या बायका गेल्या, इंदूही आपलं हिरवं लुगडं नेसून गेली. तात्या तिच्यासोबत गेले, पण गर्दीत शिरले नाहीत, दोरीबाहेर उभे राहिले. पुढच्याच पावसाळ्यात इंदू काविळीने गेली. सिनेमा लागला तो त्यानंतर. तिचा फोटो म्हणून लग्नातला एकच, त्यातही मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्या. त्यामुळे तो सिनेमा परळच्या थेटरात होता तोवर तात्या पुन्हा पुन्हा जाऊन बसत. जत्रेच्या गर्दीत पडद्याच्या अगदी उजव्या टोकाला एक हिरवं लुगडं क्षणभर वळतं. ती इंदू, असं ते सांगायचे. मग सिनेमा उतरला, कॅसेट आली, आणि कॅसेटीत ते टोकच नाही.

माणसाने इथे हात टेकले असते. तात्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. गिरणीत जास्तीचं कापड कापत नसत, दुमडत. म्हणजे कॅसेटीतही काठ आत दुमडलेला असणार, नीट उलगडला की झालं. एका सकाळी मी गॅलरीत आले तर तात्यांनी त्या सिनेमाची कॅसेट खोलून सगळी फीत कठड्यावर पसरलेली, आणि उन्हात धरून बोटांतून हळूहळू सरकवत होते, ताग्यातला दोष तपासावा तशी. मी तोंडाचा पट्टाच सोडला. अख्खी चाळ जमली. माझं सगळं बोलून झाल्यावर तात्या म्हणाले, "आत कायच नाय गो." मग आम्ही दोघांनी मिळून ती फीत पुन्हा गुंडाळली. अर्थात ती परत कधी चालली नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी पडदा ओढून घ्यायची, पंखा घरघरत असायचा, आणि तात्या आपल्या जागेवरून मला काठाबाहेरचं सांगायचे. कुठलाही सिनेमा असो. नायिका दार लोटून गेली की म्हणायचे, तिथे पुढे पडवी आहे, तिने घागर ठेवली बघ. घोडा निघून गेला की म्हणायचे, आता ओढा लागला, घोडा पाणी पितोय. मी हूं हूं करत तांदूळ निवडायची. पण खरं सांगते, कधीकधी मला ती पडवी दिसायची. दुकानाची भिंत विरघळून टीव्हीच्या अंगाने ओढा वाहत चाललाय, आणि आपण त्यात पाय सोडून बसलोय. इतकं बरं वाटायचं की कुणी कॅसेट मागायला आलं तर राग यायचा.

पुढे कॅसेटी गेल्या आणि डीव्हीडीच्या चकत्या आल्या. त्यांत सिनेमा पूर्ण रुंदीचा, म्हणून टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या. गिऱ्हाईकं भांडायला यायची, की अर्धा टीव्ही रिकामा ठेवून आम्हाला फसवता काय. काही सिनेमांबरोबर दुसरी चकती यायची, तिच्यात सिनेमा कसा बनवला ते दाखवायचे. ती लोकांना मध्यंतरानंतरचा भाग वाटायची. एक काका तणतणत आले, म्हणे पुढच्या अर्ध्यात नुसती माणसं खुर्चीत बसून इंग्रजी बोलतात, हिरोचं झालं काय? तात्या मात्र काळ्या पट्ट्या बघून खूश. आता कसा सगळा पन्हा, म्हणायचे, आणि दर आठवड्याला विचारायचे, आपला सिनेमा आला काय.

एकदाचा तो आला. दोन चकत्यांचा. मी दुपारी दुकान बंद केलं आणि तात्यांना बोलावलं. तोवर ते पार वाकले होते. जत्रा आली, उजव्या टोकाला हिरवं लुगडं आलं, वळलं, आणि मी चित्र थांबवलं. थेटरात असं थांबवता येत नव्हतं. तात्या चष्मा पुसून काचेला नाक लावून बसले.

"ही ती न्हय," ते म्हणाले.

मलाही दिसत होतं. इंदूला मी रोज बघितलेली. ही कुणी उंच, लांब चेहऱ्याची परकी बाई होती. इतकी वर्षं हा माणूस तिच्यासाठी मान वाकडी करून बसला होता. माझं काळीज तुटलं. ती बाई काचेवरून घालवावी म्हणून मी दुसरी चकती घातली आणि चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तर पडद्यावर तेच मैदान, पण कॅमेरा उलटीकडे फिरवलेला. जत्रा नाही, तर जत्रेचं शूटिंग बघणारी माणसं. दोरीच्या बाहेर काळ्याभोर केसांचा एक काटकुळा माणूस उभा होता. खेडेगावची जत्रा म्हणून गर्दीतल्या सगळ्यांना अनवाणी उभं केलं होतं, आणि या माणसाने बायकी चपलांचा जोड छातीशी धरला होता. तो तोंडभर हसत होता. तात्यांना तसं हसताना मी कधीच बघितलं नव्हतं.

"तात्या, अहो, हे तुम्ही," मी म्हटलं.

पण ते स्वतःकडे बघतच नव्हते. तो तरुण तात्या जिकडे बघत होता, तिकडे त्यांनी बोट नेलं. बोट काचेवरून सरकत काठाशी आलं, काठ ओलांडून भिंतीवर गेलं, आणि तिथे थांबलं.

"ती थंय आसा," ते म्हणाले. "म्हणानच मी हसतंय."