चाकू खाली ठेव

"खाली ठेव. हातात नको देऊ."

कोणीही चाकू पुढे केला की काकाजी आधी हेच म्हणायचे. समोरच्याने चाकू जमिनीवर ठेवायचा, हात मागे घ्यायचा आणि मगच ते वाकून उचलायचे. हातोहात चाकू दिला की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, अशी त्यांची पक्की समजूत. सीताबर्डीतल्या एका चाकू-कात्र्यांच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं काढली आणि एकाही गिऱ्हाइकाशी भांडण झालं नाही, हा त्यांचा पुरावा. मालकाशी रोज व्हायचं, ते मात्र ते धरत नसत.

एकाच गोष्टीतलं सगळं कळतं आणि बाकी कशातलंच कळत नाही, असा एखादा माणूस तुमच्याही शेजारात असेल. आमच्या काकाजींना घडीचा चाकू कळत असे. मोठा, वीतभर मुठीचा, जुन्या धाटणीचा. मोबाइल मात्र त्यांना शेवटपर्यंत धड उचलता आला नाही.

हुडकेश्वरला काकाजींचं आणि माझं दार एकाच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर. मी निवृत्त, दिवसभर घरीच. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला. एकदा काकाजी कोणाला न सांगता बसने सीताबर्डीला गेले, आपल्या दुकानावर. दुकान कधीच बंद झालं होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. हे ते विसरले होते. दिवसभर दुकान शोधत फिरले आणि संध्याकाळी एका पोलिसाने घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा कामावर जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावू लागला. दुसरी चावी माझ्याकडे. "काका, पडले-बिडले तरच उघडजा. ते म्हणतीन म्हणून नाही," असं त्याने मला बजावलं. मुलगा वाईट नव्हता. आदल्या संध्याकाळी तो जिन्यात बसून रडला होता, ते मी पाहिलं होतं.

तर सकाळी नऊला कुलूप लागे आणि काकाजी जाळीमागे खुर्ची टाकून बसत. भाजीवाली आली की तिला चाकू दाखवायला लावत. "हा चाकू नाही वं बाई, पत्रा आहे." ती रोज हसायची आणि रोज तोच पत्रा घेऊन यायची.

"काय करून राहिला गा?" ते मला विचारत.

"काही नाही काकाजी, बसलो."

"मीबी बसलोच आहो. फक्त तुह्या दाराची कडी आतून आहे."

यावर मी हसायचो. दुसरं काय करणार होतो!

काटोलकडचं आमचं घर आवरताना मला वडिलांचा चाकू सापडला. शिंगाची मूठ, जड, पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेला. ठेवावा की कोणाला देऊन टाकावा, हे काकाजींनाच विचारायचं ठरवलं. त्यांच्या उंबऱ्याशी ठेवला. त्यांनी जाळीतून हात घालून तो आत ओढला आणि म्हणाले, "आता बोलू नको."

आधी उघडलाच नाही. तळहातावर तोलला. मिटलेल्या मुठीच्या फटीला डोळा लावून पातं मधोमध बसलंय का ते पाहिलं. मग कानाशी नेऊन उघडला. "आयकलं? खट् वाजाले पाहिजे. हा कुरकुरला." पातं चिमटीत धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहिलं, ते हललं नाही. "खीळ पक्की आहे." मुठीच्या पाठीवर पोलादाची पट्टी असते, तिला ते कमान म्हणत. तिच्यावरून अंगठा फिरवला. "जोड लागत नाही अंगठ्याले. कारागीर होता थो." शेवटी वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापली आणि तिची कड उजेडात धरली.

"माल मस्त आहे. पण याले कोणी वापरलाच नाही."

"बाबा फार जपायचे त्याला."

"थेच तर! चाकू कापून खराब नाही होत गा. बंद ठेवून होते. आतल्या आत गंजते."

मी जाळीकडे पाहायचं टाळलं.

चाकू त्यांनी ठेवून घेतला. रोज तेलाचा एक थेंब आणि शंभर वेळा उघडमीट. माझी दुपारची झोप गेली. चौथ्या दिवशी कुरकुर थांबली आणि पलीकडून हाक आली, "आयकला का?" मी पलंगावरूनच ओरडलो, "आयकला!" इतका आनंदी आवाज मी त्याआधी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

मग सुनेने चाकू पाहिला आणि ती घाबरली. विसरणाऱ्या माणसाच्या हातात एवढं मोठं पातं, कोणीही घाबरेल. मुलगा तडक माझ्याकडे आला. "काका, तुमी पण?" म्हणाला आणि चाकू सरळ माझ्या हातात दिला. आतून काकाजी ओरडले, "अरे, खाली ठेव!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जाळीपाशी बोलावलं.

"चावी आहे ना तुह्यापाशी?"

"आहे."

"खाली ठेव. मी उचलतो. मंग तू देली असं होत नाही."

"कुठं जाता काकाजी?"

"कुठंच नाही गा. चौकात जाऊन चहा पितो अन् येतो."

मी सोबत जाऊ शकलो असतो. सुचलं नव्हतं, असं नाही. पण मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, साहेबाच्या सहीशिवाय कागदसुद्धा हलवला नाही. मुलाला शब्द दिला होता, आणि भीतीही वाटली. "उद्या त्याला विचारतो," मी म्हणालो.

"विचार," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली आणि घराकडे तोंड करून बसले.

मी विचारलं, पण दोन दिवसांनी. मुलगा म्हणाला, "रविवारी मीच नेतो त्यायले."

शुक्रवारी दुपारी काकाजी त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी जाळीतून हाका मारल्या, उत्तर आलं नाही. चावी आणायला धावलो. ती कधी वापरलेलीच नव्हती, कुलपात फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे दार उघडलं. त्यांच्या खांद्याला हात लावला आणि समजलो.

तेरावं झाल्यावर मुलगा चावी मागायला आला. जाळीचं दार आता दिवसभर सताड उघडं असतं. त्याने हात पुढे केला.

मी चावी खाली ठेवली.

तो वाकला. चावी उचलून तिथेच माझ्या उंबऱ्याशी बसला.