तंजावूरला नेलेला शिक्का

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा माझ्या खिशात दुकानाचा रबरी शिक्का आणि शाईची डबी होती, आणि डोक्यात सात महिन्यांचा राग. पिशवीत एक दाखला होता : संजीवनीने आमच्या दुकानात सहा वर्षं बॅटरी-इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम केलं, असा. खाली माझी सही होती. शिक्का मात्र मुद्दामच मारला नव्हता.

हा दाखला पोस्टाने सहज गेला असता. पण ते शहाण्या माणसाचं काम.

संजीवनी आयटीआय करून माझ्याकडे आली तेव्हा तिला पक्कडही धरता येत नव्हती, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर येत होती. सहा वर्षांनी तिने लिथियम बॅटरीचं काम शिकायला महिनाभर सुट्टी मागितली. "शिकून पळून जाशील," मी म्हणालो. ती न शिकताच पळाली, थेट तंजावूरला. तिथल्या एका छोट्या कारखान्यात पगार देऊन शिकवत होते. जाताना दाखला मागितला, तो मी रागाने दिला नाही. आता एका मोठ्या सौर प्रकल्पाच्या बॅटरी साठवणुकीवर तिची निवड झाली होती, आणि त्यांना शुक्रवारच्या आत जुन्या कामाचा दाखला हवा होता, असं तिने फोनवर कळवलं होतं. इकडे आमच्या दूध संघाला शीतकरण केंद्रात डिझेल जनरेटर काढून लिथियमच्या बॅटऱ्या बसवायच्या होत्या, आणि माझ्या दुकानात त्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. तिला शिक्का हवा, मला ती हवी. असा सौदा पोस्टावर कोण सोडतो?

बेंगळुरूला गाडी बदलली. गुरुवारी सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर भाताची शेतं, कडेला नारळ आणि काठोकाठ भरलेले पाट. आमच्याकडे एवढं पाणी दिसलं तर आधी भांडण दिसतं. इथे एक म्हातारा निवांत म्हैस धूत होता.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी मी पंधरा मिनिटं घासाघीस केली आणि वीस रुपये तोडले. त्याने हसत मान हलवली, मोठ्या देवळाच्या कोपऱ्यावर सोडलं आणि हात दाखवला : राजवाडा तिकडे. उरलेलं अंतर मी उन्हात पिशवी घेऊन चाललो. देवळाचं शिखर इतकं उंच, की बराच वेळ चालूनही ते मागून माझी मजा बघतंय असं वाटत होतं. वाटेत कॉफी घेतली. ती डवऱ्यात (रुंद काठाच्या वाटीत) ओतून गार करून प्यायची असते. मी थेट पेल्याला तोंड लावलं आणि जीभ भाजून घेतली. भांडायला आलेल्या माणसाची जीभ!

राजवाड्यामागच्या गल्लीत लांबट कौलारू शेड होती. जुन्या विजेच्या रिक्षांमधल्या बॅटऱ्या इथे उघडतात, चांगले सेल निवडतात आणि त्यांच्या नव्या पेट्या बांधतात. मालकीण रखमाअक्का. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरातल्या मराठी घरातल्या. चष्मा कपाळावर, गळ्यात मीटर.

"कोठून आलांत? बसा हो. संजीवनी, तुझे मालक आले गो!"

संजीवनी हातमोजे काढत आली. "मालक, तुम्ही स्वतः? दाखला आणलात?"

"आणलाय. पण आधी माल बघू दे," मी म्हणालो. सौद्यात पहिल्याच वाक्याला होकार द्यायचा नसतो.

आमच्या धंद्यात बॅटरी उचलून बघतात. जड तर शिसं भरपूर, शिसं भरपूर तर माल खरा. गिऱ्हाइकासमोर नुसतं उचलून मी कितीतरी बॅटऱ्या विकल्या आहेत. मी एक पेटी दोन्ही हातांनी, कंबर सांभाळून, जोर लावून उचलली. ती इतकी हलकी, की मी मागे कोलमडलो आणि भिजवलेल्या तांदळाच्या पातेल्यात बसलो.

"पोकळ आहे ही!" मी बसल्या जागेवरून ओरडलो. "शिसं कुठाय यात?"

"मालक, यात शिसं नसतंच," संजीवनी म्हणाली.

"अय्यो, माझा अरिसी (तांदूळ)!" एक बाई ओरडली.

तांदूळ तिथे का होते? अक्कांकडे बॅटरीची परीक्षा अशी : भरलेल्या पेटीवर शेजारच्या बायकांचे इडलीचं पीठ वाटायचे चार ग्राइंडर लावायचे आणि पेटी किती वेळ टिकते ते लिहायचं. बायकांचं दळण फुकट, अक्कांची चाचणी फुकट. आणि पेटीचा चार्ज उतरेपर्यंत तिथे कुणी भाव बोलत नाही.

"दोन महिने परत ये," तरी मी सुरुवात केली, "दूध संघाचं काम उभं कर, मग—"

"दळण होऊं द्या," अक्का म्हणाल्या. "तोंवर सौदा नाहीं."

चार तास. मी. गप्प. कोरडं धोतर कुणीतरी दिलं. ते नेसून मी एका ग्राइंडरशी बसलो आणि कडेचं पीठ उलथन्याने आत ढकलत राहिलो, कारण बाईने तेवढी भरपाई मागितली होती.

गप्प बसलं की दिसतं. संजीवनी दर थोड्या वेळाने येई आणि हाताची उलटी बाजू सेलांवरून सावकाश फिरवी. दुसऱ्या तासाला ती एकदम थांबली, स्विच पाडला आणि एका सेलवर लाल फुली मारली. तो गरम होत होता. मीटरवर अजून काही दिसत नव्हतं.

"उलटा हात," मी नकळत बोललो. पंज्यापेक्षा ऊब तिथे लवकर कळते. दुकानात तिचा हात धरून मीच ते दाखवलं होतं.

"हें आम्हीं सारे तिच्याकडून शिकलों," अक्का म्हणाल्या. "तिच्या मालकानें तिला शिकवलें म्हणे. तेच ना तुम्ही?"

सात महिने मी गावभर सांगत होतो, की पोरगी माझं नावही काढत नसेल.

सेल बदलून उरलेलं दळण झालं. "आता बोला भाव," अक्का म्हणाल्या. मी खिशात हात घातला. शाईची डबी उन्हात सुटली होती आणि अख्खा खिसा निळा झाला होता. तोच शिक्का बोटांनी पुसून दाखल्यावर दाबला. जरा तिरका बसला.

संजीवनीने कागद दोनदा वाचला. "आणि दूध संघ?"

"बघू."

"दुकानातल्या दोघांना इथे महिनाभर पाठवा. मी गेले तरी अक्का आहेत."

"आणि शिकून पळाले तर?"

"तर शिक्का घेऊन या," ती म्हणाली.

बायका हसल्या. मीही हसलो, म्हणजे जीभ भाजलेली असताना हसता येतं तितकं.

परतीच्या गाडीत मी एक पेटी मांडीवर घेऊन बसलो. घरी बायकोने शर्ट बघितला आणि विचारलं, "कुणाशी भांडलात?" मी खरं सांगितलं : "जमलं नाही."

दुकानातल्या दोघांची तंजावूरची तिकिटं काढली आहेत. शिक्का पूर्वी गल्ल्यात कुलपात असायचा. आता टेबलावर असतो, कुणालाही दिसेल असा. डबीचं झाकण कुणी उघडं ठेवलं, तर शाई वाळते म्हणून मी अजून ओरडतो.