टेकडीवरचा लाल ठिपका

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका आदिवासी वस्तीत इंटरनेट न्यायचं होतं. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ऑफिसात बसून वर्षभर आराखडा केला मी, नाव मात्र दोघींचं, माझं आणि ऑफिसातल्या मैत्रिणीचं. आणि जायची वेळ आल्यावर मॅनेजरने पाठवलं कुणाला? त्या मैत्रिणीला! "ती लोकांशी छान बोलते," म्हणे. मग मी काय भिंतीशी बोलते?

ती इथेच जन्मलेली, "आई आला" म्हणणारी. तरी माझ्या सासूबाईसुद्धा तिच्यावर खूश. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सामान आणायला ती शहरात गेली की फोटो पाठवायची: लाल माती, पत्र्याचं दुकान, म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात मांडी घालून ही चहा पितेय. मी मुद्दाम उत्तर द्यायचे नाही.

शेवटी न राहवून लिहिलं, "चहाच ढोसणार की इंटरनेटचा खांबही उभारणार?"

उत्तर आलं, "टेकडी नको म्हणतात. त्यांची पवित्र जागा आहे. दुकानाच्या छपरावर लावते."

सगळ्यात उंच जागा बघून नकाशात त्या टेकडीवर खांबाचा लाल ठिपका मीच दिला होता, कुणालाही न विचारता. आणि मी कोण? आमच्या गावी देवीच्या डोंगरावर चप्पल घालून चढलेल्या पाहुण्याला चारचौघांत झापणारी! पुढच्या वस्तीला मला पाठवायचं घाटत होतं. आता कसलं पाठवतायत, मला वाटलं.

तिथून पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा इथे सकाळचे आठ वाजले होते. मॅनेजर माझ्या शेजारीच. पडद्यावर मैत्रीण आणि तिथल्या एक आजी. आजींनी थेट विचारलं, "नकाशात आमच्या टेकडीवर खांब कुणी दाखवला होता?"



"मी," मैत्रीण म्हणाली. "माझी चूक. आधी विचारायला हवं होतं."

आजींनी तिचा हात हातात घेतला. "आलीस तेव्हा विचारलंस ना, पोरी."

कॉल संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "तिच्यासारखी चूक परत नको. पुढच्या वस्तीला तू जा."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं हो मी. पण बाहेर पडलं ते, "थँक यू."

तिकीट आलंय. हवं ते सगळं मिळालं, तरी डोळ्यांसमोर येतो तो आजींनी धरलेला तिचा हात, आणि मेला जळफळाट काही थांबत नाही.